विश्लेषण : मोटारसायकलचे ‘फ्युएल ट्यूनिंग’ म्हणजे काय? त्याने पिकअप खरेच वाढतो का?

नवा सायलेन्सर बसवला, जाळीदार एअर फिल्टर टाकला, आवाज दमदार झाला. पण ॲक्सिलरेटर सोडला की गाडी फटाके फोडते, कमी वेगात झटके खाते आणि पिकअप वाढण्याऐवजी मंदावल्यासारखा वाटतो. मग गॅरेजमधून सल्ला मिळतो, ‘आता फ्युएल ट्यून करावे लागेल.’ पूर्वी हे काम एका स्क्रू-ड्रायव्हरने पाच मिनिटांत व्हायचे. बीएस-६ गाड्यांत त्यासाठी लॅपटॉप, वेगळे मॉड्यूल आणि काही हजार रुपये लागतात. त्यातच पंपावर ई-२० पेट्रोल आल्यापासून ‘गाडी लीन चालते’ ही तक्रार वाढली आहे. हे ट्यूनिंग नेमके काय असते, त्यातून काय मिळते आणि काय गमावण्याची शक्यता असते, याचा हा आढावा.

हवा आणि पेट्रोल यांचे गणित काय?

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाच्या हिशेबाने ते पेट्रोलपेक्षा कितीतरी पट अधिक हवा खाते. शुद्ध पेट्रोलचा १ ग्रॅम पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. या १४.७:१ प्रमाणाला आदर्श मिश्रण मानतात. तंत्रज्ञ त्याला ‘लॅम्डा १’ म्हणतात.

हवा यापेक्षा जास्त असेल तर मिश्रण ‘लीन’, पेट्रोल जास्त असेल तर ‘रिच’. मेख अशी की इंजिनाच्या तीन गरजांसाठी तीन वेगवेगळी प्रमाणे लागतात. सर्वाधिक ताकद साधारण १२.५ ते १३:१ या किंचित रिच मिश्रणावर मिळते. कारण उपलब्ध हवेतील ऑक्सिजनचा कण न् कण वापरला जातो. सर्वोत्तम मायलेज १५.५ ते १६:१ या किंचित लीन मिश्रणावर मिळते. आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १४.७च्या अगदी आसपासच नीट काम करतो.

म्हणजे ताकद, मायलेज आणि स्वच्छ धूर ही तिन्ही टोके एकाच वेळी गाठता येत नाहीत. ट्यूनिंग म्हणजे या तिघांत कुठे, किती आणि कोणाला झुकते माप द्यायचे याचा निर्णय.

कार्ब्युरेटरमध्ये हे कसे होत असे?

कार्ब्युरेटरमध्ये कोणताही संगणक नसतो. पिस्टन हवा ओढतो, अरुंद नळीतून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि छोट्या छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाते. हे छिद्र म्हणजे जेट.

कामाची वाटणी ठरलेली असते. आयडलिंगपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत सुई, आणि त्यापुढे पूर्ण थ्रॉटलपर्यंत मेन जेट. त्यामुळे जाणकार मेकॅनिक आधी विचारतो, ‘गाडी नेमकी कुठे अडते?’ सुरुवातीलाच अडखळत असेल तर मेन जेट बदलून उपयोग नाही. मधल्या टप्प्यात अडत असेल तर सुईची क्लिप एक खाच वर किंवा खाली करतात.

निदानासाठी स्पार्क प्लग काढून रंग पाहण्याची पद्धत आजही आहे. टोकाचा रंग विटकरी-कॉफी असेल तर मिश्रण ठीक, काजळी धरली असेल तर रिच, पांढरटफटक असेल तर लीन.

कार्ब्युरेटरची मर्यादाही याच साधेपणात आहे. त्याला हवेची घनता कळत नाही. समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या लेहला नेली, तर तिथली हवा साधारण ३० टक्के विरळ असते. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. गाडी रिच होते आणि दमते. मुंबई-पुण्याहून लडाखला जाणारे जुने रायडर लहान जेट सोबत ठेवत, ते यासाठीच.

फ्युएल इंजेक्शनने काय बदलले?

भारतात दुचाकीवर फ्युएल इंजेक्शन २००६ मध्ये हिरो होंडाच्या ‘ग्लॅमर एफआय’ने आणले. २००७ मध्ये बजाजची ‘पल्सर २२० डीटीएस-एफआय’ आली. मात्र २००९ मध्ये याच २२० पल्सरची कार्ब्युरेटरवाली आवृत्ती बाजारात आली. तेव्हा इंजेक्शन महाग होते आणि नियमांची सक्तीही नव्हती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि चित्र पालटले. नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला.

इंजेक्शनमध्ये ईसीयू हा छोटा संगणक निर्णय घेतो. थ्रॉटल किती उघडला, इंजिनचा वेग किती, आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब व तापमान किती, इंजिन किती तापले आहे, हे सेन्सर त्याला कळवतात. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे तो साठवलेल्या तक्त्यातून ठरवतो. हा तक्ता म्हणजेच ‘मॅप’.

हे काम किती नाजूक आहे ते एका उदाहरणावरून कळेल. ३५० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर एका खेपेस साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम पेट्रोल घेते. ६,००० आरपीएमवर अशा खेपा सेकंदाला ५० होतात. म्हणजे हवा घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे हे सारे चक्र २० मिलिसेकंदांत संपते. त्यात पेट्रोल पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो.

ऑक्सिजन सेन्सरचे काम काय?

सायलेन्सरच्या बेंड पाइपवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळल्यानंतर किती ऑक्सिजन उरला ते पाहतो. बहुतेक गाड्यांतील सेन्सर ‘नॅरोबँड’ प्रकारचा असतो. त्याचा व्होल्टेज रिच मिश्रणात ०.९च्या आसपास आणि लीनमध्ये ०.१च्या आसपास जातो. मिश्रण आदर्श बिंदूच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगतो. किती अलीकडे किंवा पलीकडे, हे सांगू शकत नाही.

सावकाश, एकसारख्या वेगात चालवताना ईसीयू या सेन्सरचे ऐकून सतत दुरुस्ती करत राहतो. याला ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. थ्रॉटल पूर्ण पिळला की मात्र तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून थेट मॅपप्रमाणे जास्त पेट्रोल सोडतो. हा ‘ओपन लूप’. ट्यूनिंगमधील निम्मे गैरसमज हा फरक न कळल्यामुळे होतात.

कंपनीची गाडी ‘लीन’ का वाटते?

बीएस-६ मध्ये दुचाकीसाठी प्रतिकिलोमीटर कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन १०० मिलिग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड ६० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. त्या गाठायच्या तर शहरातल्या नेहमीच्या वेगात मिश्रण आदर्श बिंदूला धरूनच ठेवावे लागते. त्यामुळे कमी थ्रॉटलवर गाडी किंचित कोरडी, झटकेदार वाटते. ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल उघडता-मिटताना बसणारा धक्का बऱ्याचदा याच कारणाने असतो.

पूर्ण थ्रॉटलवर मात्र कंपनीनेच मिश्रण बऱ्यापैकी रिच ठेवलेले असते. ‘कंपनीने सगळी ताकद दाबून ठेवली आहे’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

सायलेन्सर बदलल्यावर काय होते?

मोकळ्या सायलेन्सर आणि फिल्टरमुळे काही वेगांत इंजिनमध्ये हवा जास्त जाते. मॅप मात्र जुन्याच गणिताने पेट्रोल सोडतो. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू काही प्रमाणात सावरून घेतो. ओपन लूपमध्ये सावरणारे कोणी नसते. तिथे गाडी खरोखर लीन होते आणि तीही इंजिनवर सर्वाधिक ताण असताना.

थ्रॉटल सोडल्यावर येणारे फटाके म्हणजे न जळलेले पेट्रोल गरम पाइपमध्ये उशिरा पेटणे. सायलेन्सरच्या जोडावर गळती असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि फटाके वाढतात. अशा वेळी ट्यूनिंगवर पैसे घालण्याआधी दोन-तीनशे रुपयांचे गॅस्केट बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

ट्यूनिंग प्रत्यक्षात कसे करतात?

दोन मार्ग आहेत. पहिला, ईसीयूचा मूळ मॅपच बदलणे, म्हणजे ‘रीफ्लॅश’. दुसरा, ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये छोटे यंत्र बसवणे. याला ‘पिगीबॅक’ म्हणतात. ईसीयूने इंजेक्टरला पाठवलेला इशारा हे यंत्र काही टक्के लांबवते किंवा आखूड करते. अमेरिकी ‘पॉवर कमांडर’ आणि बेंगळूरुत तयार होणारे ‘फ्युएलएक्स’ ही या प्रकारातील परिचित नावे.

पद्धतशीर काम डायनोवर होते. गाडीचे मागचे चाक रोलरवर ठेवून बांधतात. सायलेन्सरमध्ये ‘वाइडबँड’ सेन्सर घालतात. हा सेन्सर मिश्रणाचे नेमके प्रमाण आकड्यात दाखवतो. मग थ्रॉटल आणि आरपीएमच्या प्रत्येक जोडीसाठी मोजमाप होते. २० टक्के थ्रॉटलवर ३,००० आरपीएम, मग ४,०००, मग ५,०००. जिथे मिश्रण लीन तिथे पेट्रोल वाढवायचे, रिच तिथे कमी करायचे, पुन्हा मोजायचे. तक्त्यातील शेकडो चौकटी अशा भरल्या जातात. चांगल्या ट्यूनरचे कसब मोजण्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्यात असते.

‘तुमच्या मॉडेलचा मॅप तयार आहे, दहा मिनिटांत टाकून देतो’ असे सांगणाऱ्याकडे हे मोजमाप नसते. तो मॅप दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या सायलेन्सरवर आणि कदाचित दुसऱ्या पेट्रोलवर तयार झालेला असतो.

ताकद किती वाढते?

काहीही न बदललेल्या गाडीत केवळ पेट्रोलचे प्रमाण सुधारून मिळणारी कमाल ताकद थोडीच असते. कारण ताकद हवेवर ठरते, पेट्रोल तिला फक्त साथ देते. जास्त हवा आत जात नसेल तर जास्त पेट्रोल घालून ताकद येत नाही, काजळी येते.

खरा फायदा असतो तो चालवण्यातील सफाईत. कमी वेगातले झटके कमी होतात, मधल्या टप्प्यातला ओढा सलग होतो, ओव्हरटेक करताना थ्रॉटलला प्रतिसाद लवकर मिळतो. रायडरला ‘पिकअप वाढला’ असे वाटते ते यामुळे. ते खोटे नाही, पण त्याला कमाल अश्वशक्ती समजू नये. बदल्यात मायलेज कमी होऊ शकते, कारण आदर्शऐवजी रिच मिश्रण म्हणजे प्रत्येक किलोमीटरला जास्त पेट्रोल.

चुकले तर काय बिघडते?

दोन्ही बाजूंनी धोका आहे. पूर्ण ताणाखाली मिश्रण लीन झाले तर ज्वलनाचे तापमान वाढते आणि मिश्रण वेळेआधी, स्फोटासारखे पेटू लागते. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. डब्यात खडे हलल्यासारखा आवाज येतो. हे दीर्घकाळ चालले तर पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत वेळ येते. महामार्गावर तासन् तास पूर्ण थ्रॉटल ठेवणाऱ्यांना हा धोका अधिक.

रिच मिश्रणाचे नुकसान सावकाश होते, म्हणून ते लक्षात येत नाही. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन काढते, ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. पिस्टन-रिंगची झीज वाढते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अतितापून निकामी होतो.

सेन्सरला फसवण्याचे प्रकार आणखी त्रासदायक. ईसीयूने वाढीव पेट्रोल परत कमी करू नये म्हणून ऑक्सिजन सेन्सर काढून बनावट सिग्नल देणारा तुकडा लावला जातो. असे झाले की ईसीयू आंधळा होतो. पुढे हवामान, उंची किंवा पेट्रोल बदलले तरी त्याला कळत नाही. दुचाकींसाठी एप्रिल २०२३ पासून ओबीडी-२एचा आणि एप्रिल २०२५ पासून ओबीडी-२बीचा टप्पा लागू झाला आहे. उत्सर्जनाशी संबंधित बिघाड या प्रणालीत नोंदला जातो आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

ई-२०मुळे गाडी लीन होते का?

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलचे आदर्श प्रमाण साधारण ९:१ आहे. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचे प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावे लागते. न सोडल्यास मिश्रण लीन.

ऑक्सिजन सेन्सर असलेली बीएस-६ गाडी नेहमीच्या वेगात ही दुरुस्ती स्वतः करते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ते जमत नाही. तिथे स्क्रू किंवा जेट बदलून मिश्रण सुधारता येते. मात्र रबरी नळ्या, सील आणि टाकीतील गंज हे प्रश्न ट्यूनिंगने सुटत नाहीत.

मायलेजचे काय? इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असते. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१०साठी जुळवलेल्या दुचाकींत ई-२०मुळे इंधन कार्यक्षमता ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात दिला होता. ही घट इंधनातील ऊर्जेची आहे. कोणतेही मॉड्यूल ती भरून काढू शकत नाही. ‘ई-२०साठी मॉड्यूल लावा, ॲव्हरेज वाढेल’ असा दावा कोणी करत असेल तर त्याच्याकडून आधी मोजमाप मागावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. कलम १९०(२) नुसार आवाज व हवा प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी शिक्षा होऊ शकते. राज्यातील अनेक शहरांत जप्त सायलेन्सरवर पोलिसांनी रोलर फिरवल्याची छायाचित्रे अधूनमधून झळकतात, ती याच मोहिमांची.

‘पण पीयूसी तर मिळते,’ असा युक्तिवाद केला जातो. दुचाकीची पीयूसी तपासणी गाडी जागेवर आयडलिंगला असताना होते. ट्यूनिंगमधले जादा पेट्रोल प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या वेगांत असते. त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणजे रस्त्यावर धावतानाचा धूर नियमात आहे, असे सिद्ध होत नाही. कंपनी गाडी मंजूर करून घेते ती पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर ठरावीक चक्रात गाडी चालवून.

याशिवाय वायरिंग तोडून बसवलेल्या मॉड्यूलमुळे वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि न कळवलेल्या बदलांवर विमा कंपनी आक्षेप घेऊ शकते.

इतर देशांत काय झाले?

अमेरिकेत २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनचे प्रकरण गाजले. इंधनाचा मॅप बदलणारी सुमारे ३ लाख ४० हजार ‘सुपर ट्यूनर’ उपकरणे २००८ पासून विकल्याचा ठपका तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठेवला. त्यामुळे प्रदूषण मंजूर मर्यादेपेक्षा वाढते, असे संस्थेचे म्हणणे होते. उपकरणे केवळ शर्यतीच्या वापरासाठी होती, असे कंपनीचे म्हणणे होते. अखेर दोष मान्य न करता कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याची आणि अशी उपकरणे थांबवण्याची तडजोड केली.

या प्रकरणाने एक रेषा स्पष्ट केली. बंदिस्त ट्रॅकवर शर्यतीसाठी ट्यूनिंग हा खेळाचा भाग आहे. तीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणली की तिचा धूर मागच्या स्कूटरवरच्या मुलाच्याही फुप्फुसात जातो.

मग दुचाकीस्वाराने काय करावे?

पिकअप कमी झाला असेल तर आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेला प्लग, बिघडलेले टॅपेट, मळलेली थ्रॉटल बॉडी, कमकुवत बॅटरी, सैल किंवा कोरडी चेन आणि टायरमधील कमी हवा, यांपैकी काहीही गाडी मंद करू शकते. यांचा खर्च मॉड्यूलपेक्षा कमी असतो आणि वॉरंटीला धक्का लागत नाही. झटके किंवा अडखळणे कायम असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्यावा आणि ईसीयूचे नवे सॉफ्टवेअर आले आहे का, ते विचारावे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण जुळवून घेणे हा नेहमीच्या सर्व्हिसिंगचाच भाग आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ते करावे आणि नंतर पीयूसी काढून आकडे पाहावेत.

ट्रॅकसाठी ट्यूनिंग करायचेच असेल तर ट्यूनरला तीन प्रश्न विचारावेत. माझ्याच गाडीवर डायनो आणि वाइडबँड सेन्सरने मोजणार का? आधीचा आणि नंतरचा आलेख देणार का? मूळ मॅप जपून ठेवून परत टाकता येईल का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर खर्च होणारे पैसे ट्यूनिंगवर नव्हे, अंदाजावर खर्च होत आहेत असे समजावे.